अडतिसावी फेरी

काम अगदी साधं होतं. आपल्या सर्वेक्षण कचेरीच्या भांडारातून एक यंत्र घरी न्यायचं, रात्रभर चालवून बघायचं, आणि सोमवारी ‘ठीक चालते’ असा शेरा लिहून परत जमा करायचं. शनिवार होता, १९ फेब्रुवारी १९८३. माझ्या हाताखालच्या निरीक्षकाने, गोविंदने, दुपारी यंत्र जीपमध्ये घातलं आणि इथेच, नाशिकच्या इंदिरानगरमध्ये, आपल्या भाड्याच्या घरी आणलं. या गच्चीवरून ते घर आता दिसत नाही, मध्ये इमारती झाल्या. तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर कोणी दिसत नसे. बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी देवळ्याला होती. घरात तो एकटा.

लाइट येईपर्यंत बसा असंच. मेणबत्ती नको लावू, सरोजिनी, वाऱ्यावर टिकायची नाही. परवा तुम्ही दोघं पहिल्यांदा फील्डवर निघताय, म्हणून सांगतो. खरं तर सांगावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे, निम्मं गोविंदने मला सांगितलेलं.

“सर, भुताची गोष्ट आहे का?” चंदर, तू हसतोयस ते मला अंधारातही कळतंय. हस. मीसुद्धा पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस आहे. मला हसणं जास्त सोयीचं झालं असतं.

आधी यंत्राबद्दल. उपग्रहांना ऐकून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगणारं यंत्र. तुम्हाला परवा मिळणार आहे ते नवं आहे. तेव्हाचं लोखंडी पेटीएवढं होतं, दोघांनी उचलायचं. उपग्रह पाच-सहाच. त्यातला एखादा डोक्यावरून जायचा, पंधरा-सतरा मिनिटं ऐकू यायचा आणि मावळायचा. त्याला आम्ही फेरी म्हणायचो. एक फेरी झाली की दुसरीसाठी तास-दीड तास, कधी दोन तास वाट बघायची. एका ठिकाणाची जागा नक्की करायची तर अशा चाळीस फेऱ्या तरी लागत. चार-पाच दिवस अँटेना जागची हलता कामा नये, की पाळत सुटता कामा नये.

आणि हे यंत्र सुरू कसं व्हायचं? झोपेतून उठलं की त्याला काहीच ठाऊक नसायचं. आपण जगात साधारण कुठे आहोत, वाजले किती, अँटेना जमिनीपासून किती उंच, हे माणसाने बटणं दाबून सांगायचं. एकदा सांगितलं की ते लक्षात ठेवायचं. मोजणीचे सगळे आकडेही पोटातच ठेवायचं, कागदाच्या पट्टीवर फक्त फेरीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ढोबळ ठिकाण छापायचं. मुख्य बॅटरी जीपची असते तसली. ती बसली तर आत एक लहानशी बॅटरी होती, स्मरणापुरती. ती एक दिवस टिकायची. एक दिवस. त्यानंतर सगळे शून्य.

आता डिसेंबरकडे जाऊ. त्याशिवाय फेब्रुवारीची ती रात्र कळणार नाही.

हरसूलच्या पुढे एक बोडकी टेकडी आहे. तिथे गोविंदचं ठाणं, म्हणजे मोजणीची जागा, होतं. सोबत जयराम नावाचा खलाशी. खलाशी म्हणजे आपल्याकडचा मदतनीस गडी, ओझी वाहणारा, तंबू ठोकणारा. जयराम तिथल्याच पाड्यावरचा. चाळिशीचा असेल, बोलायला कमी, पण बोलला की टोचून बोलायचा. एकदा मी तपासणीला गेलो तेव्हा मला म्हणाला, “सायेब, ह्ये पाच दिस आबाळाला इचारतंय आपण कुठं हाय म्हून. मला इचारा की. ही आमची टेकडी हाय.”

बारा डिसेंबरला निरोप आला, गोविंदच्या बायकोला कळा सुरू झाल्यात. अठ्ठावीस फेऱ्या झाल्या होत्या. निरीक्षकाने ठाणं सोडायचं नाही, हा आपला नियम. गोविंदने सोडलं. दोन मुख्य बॅटऱ्यांपैकी एक उतरत आली होती, ती चार्ज करायला बरोबर घेतली आणि जयरामला सांगितलं, “उद्या संध्याकाळी येतो. ही दुसरी तोवर पुरेल. ही बसली तर एका दिवसात यंत्र सगळं विसरेल. पाच दिवसांचं काम जाईल. लक्ष ठेव.”

जयराम म्हणाला, “तुमी जावा. पोरगी झाली तर पेढं, पोरगा झाला तर बर्फी.”

पोरगी झाली. जरा अवघड बाळंतपण झालं. गोविंद तेराला परत गेला नाही. चौदालाही नाही, पंधरालाही नाही. तो सोळाच्या दुपारी टेकडीवर पोचला. तंबू नीट होता. घोंगडी घडी करून ठेवलेली. अँटेना जागच्या जागी. यंत्र बंद. पट्टीवर शेवटची फेरी सदतिसावी, १४ डिसेंबर, संध्याकाळी सहा दहा. गोविंदने आणलेली बॅटरी जोडली. सगळे शून्य. यंत्र सारं विसरलं होतं.

दुसरी मुख्य बॅटरी तिथे नव्हती. आणि जयराम नव्हता.

“पळाला असेल, सर.” हो. सरोजिनी, तू आत्ता जे म्हणालीस तेच सगळे म्हणाले. तेच सोयीचं होतं. गोविंदने अहवाल लिहिला: खलाशी बहुधा बॅटरी घेऊन पळून गेला, त्यामुळे काम वाया गेलं. स्वतः ठाण्यावर नव्हतो, हे त्याने लिहिलं नाही. अहवाल तपासायला माझ्याकडे आला. आपल्या कामात ‘सुमारे’, ‘बहुधा’ असे शब्द चालत नाहीत. चूक किती असू शकते ते आकड्यात लिहायचं, नाहीतर काही लिहायचं नाही. वीस वर्षांची सवय. मी लाल शाईने ‘बहुधा’ खोडला आणि सही केली.

एका शब्दाने माणूस चोर झाला. आणि तो शब्द मी काढला होता.

जानेवारीपासून त्याची बायको चांगुणाबाई कचेरीच्या पायरीवर येऊन बसू लागली. आठवड्यातून एकदा, पहिल्या एसटीने यायची, शेवटच्या एसटीने जायची. शिपायाने हाकललं तर उठायची आणि पुन्हा बसायची. एकदा मी बाहेर आलो तेव्हा समोर उभी राहिली.

“सायेब, तो मेला आसंल तर मेला. मी काय तुमच्याकडं मानूस मागत नाय. पन बाजारात बाया मला चोराची बायकू म्हंत्यात. तो चोर नाय. कागदावर लिवलंय तेवढं खोडा.”

मी म्हणालो, “बाई, पुरावा लागतो.”

ती म्हणाली, “लिवताना व्हता का?”

मी आत गेलो. दार लावून घेतलं... एवढंच केलं मी.

तर, एकोणीस फेब्रुवारी. गोविंदने अँटेना घराच्या गच्चीवर उभी केली, तार जिन्यातून खाली घेतली, यंत्र टेबलावर मांडलं. साडेनऊला चालू केलं. पडद्यावर शून्य, शून्य, शून्य. तसंच असायला हवं होतं. हंगाम संपल्यावर त्याने स्वतः आतली लहान बॅटरी काढून पाकिटात घालून ठेवली होती. दोन महिने त्या पेटीत विजेचा थेंब नव्हता. ठिकाण आणि वेळ भरण्याआधी तो चहा टाकायला आत गेला.

स्वयंपाकघरात असतानाच पट्टी छापल्याचा आवाज आला. कर्र, कर्र.

तो बाहेर आला. नऊ चाळीस झाले होते. पट्टीवर फेरीचा क्रमांक: अडतीस.

त्याला आधी रागच आला. यंत्र बिघडलं, असं वाटलं. नव्या सुरुवातीला पहिली फेरी एक असते. खाली तारीख होती, १४ डिसेंबर. आणि ठिकाण? नाशिकचं नव्हतं. ते आकडे त्याला पाठ होते. हरसूलची टेकडी.

शहाणा माणूस करेल तेच त्याने केलं. जुनं स्मरण राहिलं असेल म्हणून मागचं झाकण उघडलं. लहान बॅटरीची जागा रिकामी होती. बॅटरी कपाटात, पाकिटात, त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट.

चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला आणि टेबलाशी बसला.

अकरा वीसला एकोणचाळिसावी. ठिकाण बदललं होतं. टेकडीपासून दोन-अडीच किलोमीटर. गोविंदला हायसं वाटलं. मनाशी म्हणाला, यंत्राला जुनी चुकीची जागा आठवतेय आणि ते हळूहळू खऱ्या जागेकडे, म्हणजे इथे नाशिकला सरकतंय. गणित असं वागत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण एकट्या घरात रात्री माणूस कोणतंही गणित मान्य करतो.

एक वाजून पाच मिनिटं. चाळिसावी. आणखी पाच किलोमीटर.

तेव्हा त्याने कपाटातून त्या भागाचा नकाशा काढला. जमिनीवर पसरला. पेन्सिलीने तीन ठिपके दिले. पहिला टेकडीवर. दुसरा उतारावरच्या पायवाटेवर, जिथे ती पाड्याला वळसा घालते. तिसरा त्र्यंबकच्या डांबरी रस्त्यावर.

रस्त्यावर. बाजूला नाही, अगदी रस्त्यावर.

चूक सरकते तेव्हा ती सरळ सरकते, चंदर. ती पायवाटेने वळत नाही. पाड्याला वळसा घालत नाही.

गोविंदने दोन ठिपक्यांतलं अंतर मोजलं, वेळेने भागलं. ताशी तीन किलोमीटर. माणूस चालतो त्याहून कमी.

ओझं घेऊन चालतो तेवढं.

तो उठला. गच्चीवर गेला. चंद्र मावळला होता. आसपास एकही दिवा नाही. अँटेना होती तशीच. त्याने तिची तार ओढून काढली. वेटोळं करून गच्चीवरच ठेवली. खाली आला. दाराला कडी लावली. मग वरची खिटीही लावली. तो रस्ता शेवटी कुठे येतो, हे नकाशात बघायची गरज नव्हती. त्र्यंबक... मग नाशिक.

आता यंत्राला काही ऐकू येत नव्हतं. कान काढून घेतले होते त्याचे. तरी दोन वाजल्यापासून तो पट्टीकडेच बघत होता. बंद करायचं बटण हाताशी होतं. मी त्याला विचारलं, दाबलं का नाहीस? तो म्हणाला, “सर, दाबून थांबलं नसतं तर?”

दोन चाळीस. काही नाही.

दोन पंचेचाळीस.

दोन पन्नास...

कर्र, कर्र.

एक्केचाळीस. ठिपका द्यायला दोनदा पेन्सिल टेकवली. घाटात. एका वळणावर, मोरीपाशी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी. आणखी पाच किलोमीटर.

त्याने दिवा मालवला. का, ते त्याला सांगता आलं नाही. अंधारात बसला. भिंतीला पाठ. दाराकडे तोंड. आता पुढचा ठिपका. मग त्याच्या पुढचा. मग...

चार दहा. कर्र, कर्र.

काडी ओढून पाहिलं.

तीच मोरी.

पाच तीस.

तीच मोरी. शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. एका फेरीत शे-दोनशे मीटर इकडे-तिकडे होतंच, आपण म्हणूनच चाळीस फेऱ्या घेतो. इथे तसूभर फरक नाही.

तो थांबला होता.

गोविंद म्हणाला, रात्रभर तो येईल म्हणून मी भीत होतो, सर. आणि पहाटे कळलं की तो येत नाहीये. त्याला येता येत नाहीये. मग मला भीती वाटली नाही. मग मी रडलो.

नंतर यंत्र गप्प झालं. पडद्यावर शून्य, शून्य, शून्य.

सकाळी सहाला त्याने माझं दार वाजवलं. हातात पट्टी आणि नकाशा. मी त्याला वेड्यात काढायला हवं होतं. पण मी पट्टी पाहिली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो लाल शाईने खोडलेला शब्द आला. आम्ही जीप काढली. त्र्यंबकला पोलीस चौकीवर सांगितलं, “एक माणूस हरवला होता, त्या घाटात बघायचंय.” काय आधारावर, ते आम्ही सांगितलं नाही. तेवढा शहाणपणा होता.

मोरीच्या कठड्यापलीकडे तीस-चाळीस फूट खोल उतार, करवंदीच्या जाळ्या. रस्त्यावरून काही दिसत नव्हतं. दोरीने उतरावं लागलं. १४ डिसेंबरची, अमावास्येच्या आसपासची रात्र, हातात दिवा नाही, डोक्यावर पंधरा किलोंचं ओझं. पाय घसरला असणार. जे राहिलं होतं त्याच्याशेजारी बॅटरी होती. डोक्यावरच्या चुंबळीचं फडकं अजून तिच्या मुठीला बांधलेलं. आपल्या कचेरीचा पांढरा क्रमांक स्पष्ट.

तो पळत नव्हता. साहेब आले नाहीत, बॅटरी बसली, यंत्राकडे एक दिवस उरला. शेवटची एसटी गेलेली. म्हणून रात्रीच चालत त्र्यंबकच्या गॅरेजवर निघाला होता, चार्ज करून दुसऱ्या दिवशी परत फिरायला. पाच दिवसांचं काम जाऊ नये म्हणून. आपलं काम, चंदर. त्याला तर ठाऊकच होतं टेकडी कुठे आहे.

पंचनामा झाला. मी मोरीच्या त्याच कठड्यावर बसून कागद लिहिले. तास-दीड तास बसलो होतो. दगड गुळगुळीत होता, काळा, स्वच्छ. हे मी मुद्दाम सांगतोय.

सोमवारी गोविंदने नवा अहवाल दिला. आपण चार दिवस ठाण्यावर नव्हतो, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. त्याची बढती तिथेच अडली, नंतर त्याने नोकरी सोडली. देवळ्याला सासऱ्यांच्या कांद्याच्या चाळी बघतो आता. मी जुना अहवाल काढला, माझी सही खोडली आणि लिहिलं: जयराम कामावर असताना, कचेरीचं सामान वाचवताना मरण पावला. त्यात ‘बहुधा’ नव्हतं. या वेळी मला त्याची भीती वाटली नाही.

चांगुणाबाईंना मी तो कागद वाचून दाखवला. पायरीवर बसूनच. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “ती जागा मला दावा.”

मार्चच्या तीन तारखेला मी त्यांना घेऊन घाटात गेलो. दुपारी चारच्या सुमाराला. चांगुणाबाई कठड्याशी गेल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग हात दगडावर टेकला आणि एकदम उचलला.

“सायेब, ह्ये काय?”

मी पुढे झालो.

एखाद्या ठाण्याच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्या, काम संपलं, की खलाशी शेवटचं एक काम करतो. छिन्नी-हातोडा घेऊन दगडावर एक वर्तुळ कोरतो आणि मधोमध एक बिंदू. त्यानंतर ठाणं मिटवायचं आणि घरी जायचं. परवा तुम्हाला हे दिसेल. ते खलाशीच करतो, साहेब करत नाही.

कठड्यावर, मी जिथे कागद ठेवून लिहिलं होतं तिथे, एक वर्तुळ होतं. मधोमध बिंदू.

गोविंदला मी शपथ घालून विचारलं. तो ते सगळे दिवस देवळ्यात होता. रस्ता दुरुस्तीच्या गँगला विचारलं. महिनाभर त्यांच्यातलं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. मी बोट लावलं. कडा धारदार होत्या. खाचेत दगडाची पांढरी भुकटी होती, ताजी. आत्ताच कोणीतरी छिन्नी खाली ठेवून उठावं तशी.

घाटात वारा इतका होता की चांगुणाबाईंचा पदर डोक्यावर ठरत नव्हता. माझ्या हातातला कागद फडफडत होता.

आणि ती भुकटी... ती जागची हलत नव्हती.